जवळच्या माणसाला जगणे नकोसे होते तेव्हा

आमच्या लहानपणी कोणी जरा विचित्र वागले, की बाकीची मुले ताबडतोब म्हणत, 'ह्याला ठाण्याला पाठवा रे!' पुण्याकडे ह्याच अर्थाने येरवड्याचे नाव घेतात. ठाण्याला १९०१ साली स्थापन झालेले मनोरुग्णालय आहे, आणि त्यामुळे त्या बिचाऱ्या गावाच्या नावाला हा अर्थ चिकटला. आम्ही कल्याणची माणसे. कामाधंद्यासाठी ठाण्याला रोज जाणारी-येणारी. तरीसुद्धा ही थट्टा आम्ही हसत हसत करीत होतो. मी तर ती माझ्या धाकट्या भावाला कितीदा केली असेल, त्याची गणतीच नाही.

ह्या थट्टेची किंमत काय असते, ते मला फार उशिरा समजले. आजचा विषय अवघड आहे. आपल्या घरातले, शेजारचे किंवा शाळेतले एखादे माणूस 'आता जगण्यात अर्थ नाही' अशा विचाराला येऊन ठेपले, तर आपण काय करावे, हा तो विषय. मी डॉक्टर नाही, महाविद्यालयात शिकवणारा एक साधा प्राध्यापक आहे. पण हा प्रसंग माझ्या घरी आला, त्यात मी आधी चुकलो आणि मग थोडेबहुत शिकलो. भावाची परवानगी घेऊनच हे सांगतो आहे.

माझा भाऊ डोंबिवलीला राहतो, मी कल्याणला. मध्ये काय ते एक ठाकुर्ली स्टेशन! काही वर्षांपूर्वी तो ज्या कारखान्यात होता तो बंद पडला. डोक्यावर घराचे कर्ज, मुलगी शाळेत. सहा महिने तो नोकरी शोधत हिंडला. मग हिंडणेही थांबले. रात्री झोप नाही, ताटावर बसला तरी दोन घास खाऊन उठायचा. एका रविवारी तो माझ्याकडे आला आणि मनगटावरचे घड्याळ काढून माझ्या मुलाला म्हणाला, 'हे आता तुझ्याकडे असू दे.' मला वाटले, काका-पुतण्याचे प्रेम! आणि मी त्याला समोर बसवून चांगले पाऊण तासाचे व्याख्यान दिले. 'अरे, हातपाय धड आहेत, डोक्यावर छप्पर आहे. लोकांची काय काय दुःखे असतात! तुला काय कमी आहे? जरा मन खंबीर कर.' तो सगळे ऐकून घेऊन म्हणाला, 'बरोबर आहे, दादा,' आणि निघून गेला.

त्या रात्री आईचा फोन आला. ती म्हणाली, 'त्याचं काही खरं दिसत नाही रे. तू त्याला सरळ विचार. मला विचारवत नाही.'

काय विचारायचे, हे तिने सांगितले नाही. पण आम्हां दोघांनाही ते कळले होते. आपल्या बोलण्यात ह्या गोष्टीला आपण 'जिवाचं काही बरंवाईट करणे' म्हणतो. शब्दसुद्धा आपण बाजूने घेतो, इतकी त्याची धास्ती असते. मी रात्रभर कूस बदलत राहिलो. मला वाटत होते, आपण विचारले आणि त्याच्या मनात नसलेला विचार आपणच घातला तर?

श्रोतेहो, हा समज फार पसरलेला आहे आणि तो चुकीचा आहे. ह्या विषयावर जगभर जो अभ्यास झाला, त्यातून असे दिसून आले आहे की असे विचारल्याने तो विचार बळावत नाही. विचारल्याने माणसाला बहुधा सुटल्यासारखे वाटते. कारण तो विचार तो आधीपासूनच एकट्याने वाहत असतो. 'मन चिंती ते वैरी न चिंती' असे आपण म्हणतोच. जे वैऱ्यालाही सुचणार नाही, ते ह्या माणसाचे स्वतःचेच मन त्याला दिवसरात्र सांगत असते, आणि ते कोणाला सांगावे तर लोक वेडा म्हणतील, 'ठाण्याला पाठवा' म्हणतील, ही भीती.

दुसऱ्या दिवशी मी तास रद्द केला आणि सकाळीच डोंबिवलीला गेलो. दोघेच गच्चीवर बसलो. चहा निवून गेला, तरी मला शब्द सापडेना. शेवटी मी म्हटले, 'तुझे हाल मी बघतोय. असा त्रास असला की माणसाला कधीकधी जगणं नकोसं होतं. तुझ्या मनात जीव द्यायचा विचार येतो का?' तो खाली बघत राहिला. मग त्याने मान हलवली. होकारार्थी. बऱ्याच वेळाने म्हणाला, 'दादा, विचारलंस ते बरं केलंस.'

तेव्हा आजच्या भाषणातून एवढी एकच गोष्ट जरी तुम्ही बरोबर नेलीत, तरी माझे काम झाले: शंका आली तर विचारा. आडून नको, सरळ विचारा. रागाने किंवा 'असलं काही करणार नाहीस ना?' असे दटावून विचारू नका. त्या प्रश्नाला 'नाही' एवढेच उत्तर मिळते. शांतपणे, एकांतात, वेळ हाताशी ठेवून विचारा.

शंका कशावरून घ्यावी? काही खुणा आहेत. जगण्याला अर्थ नाही, मी सगळ्यांना भार झालो आहे, मी नसतो तर बरे झाले असते, असे बोलणे. आवडीच्या वस्तू अकारण देऊन टाकणे, देण्याघेण्याची निरवानिरव करणे, निरोप घेतल्यासारखे भेटणे. झोप उडणे, जेवण तुटणे, माणसांतून उठून एकटे बसणे, दारू वाढणे. फार दिवस उदास असलेला माणूस एकाएकी शांत झाला, तर 'आता बरा झाला' म्हणून लगेच निर्धास्त होऊ नका, तेव्हाही विचारा. 'जो बोलतो तो करीत नाही' असेही लोक म्हणतात. हाही खोटा दिलासा आहे. पुष्कळांनी आधी कोणाजवळ तरी बोलून दाखवलेले असते. ऐकणाऱ्याने ते मनावर घेतलेले नसते.

आता हा विचार मुळात काय असतो, ते थोडे समजून घेऊ. अशा माणसाला मरण हवे असते, असे आपल्याला वाटते. खरे म्हणजे त्याला त्याची वेदना थांबायला हवी असते, आणि थांबवण्याचा दुसरा रस्ता त्या वेळी त्याला दिसत नसतो. त्याचे एक मन जगायला बघत असते आणि दुसरे ओढून नेत असते. ही ओढ सदासर्वकाळ सारखी नसते. आमच्या कल्याणच्या खाडीला जशी भरती येते आणि ओसरते, तसा तिचा जोर चढतो आणि उतरतो. भरती ओसरेपर्यंत कोणी हात धरून ठेवला, तर तोच माणूस दुसऱ्या दिवशी सकाळी चहा मागतो. म्हणून त्या घटकांना सोबत असणे, ह्याला फार मोल आहे.

आणि आपण एकटेच ह्या प्रसंगात सापडलो आहोत, असेही कोणी समजू नये. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीप्रमाणे २०२२ साली देशात १,७०,९२४ माणसे अशा रीतीने गेली. त्यांपैकी २२,७४६ आपल्या महाराष्ट्रातली होती. हा आकडा सर्व राज्यांत मोठा होता. म्हणजे आपल्या राज्यात दिवसाला साठांहून अधिक. नोंदलेल्या कारणांत कौटुंबिक अडचणी आणि आजारपण ही दोन सर्वांत मोठी. पण कारण सहसा एकच नसते. कर्ज, आजार, अपमान, नैराश्य, दारू ह्यांची एकात एक गाठ बसत जाते.

तर होकार मिळाला. पुढे काय?

पहिली गोष्ट, ऐका. माझ्यासारख्या शिकवण्याची सवय लागलेल्या माणसाला ही फार जड जाते. समजूत घालण्याची घाई करू नका. 'तुला काय कमी आहे' म्हणू नका. त्याने त्याच्या दुःखात लाजेची भर पडते. 'मुलांचा तरी विचार कर' हेही त्या वेळी उपयोगी पडत नाही, कारण मुलांना आपला भारच होतो आहे असे त्याला वाटत असते. त्यापेक्षा म्हणा, 'हे तू इतके दिवस एकट्याने सोसलंस. आता मी आहे. आपण मिळून मार्ग काढू.' एवढे पुरते. रडू आले तर रडू द्या. आणि 'हे कोणाला सांगणार नाही' असे वचन मात्र देऊ नका. 'ज्यांना सांगणं जरूर आहे त्यांनाच सांगेन, आणि तुला विचारून सांगेन,' असे म्हणा.

दुसरी गोष्ट, त्याला एकटे सोडू नका, आणि घातक वस्तू त्याच्या हातापासून दूर ठेवा. घरातली जास्तीची औषधे काढून घ्या. गावाकडे ह्याला फारच महत्त्व आहे. फवारणीची औषधे घरात, माळ्यावर, खाटेखाली ठेवण्याची आपली रीत असते. ती कुलपात ठेवा, आणि घरात असे दुखणे असेल तर किल्लीसुद्धा दुसऱ्या घरी ठेवा. कोणी म्हणेल, ज्याला करायचे तो काहीही करील. तसे नाही. शेजारच्या श्रीलंकेचे उदाहरण घ्या. तेथे अतिजहाल कीटकनाशकांवर टप्प्याटप्प्याने बंदी आली, आणि १९९५ ते २०१५ ह्या वीस वर्षांत आत्महत्यांचे प्रमाण सुमारे सत्तर टक्क्यांनी खाली आले. संकटे काही त्या देशातून गेली नव्हती. पण वाईट घटकेला वस्तू हाताशी नव्हती, आणि ती घटका टळली.

तिसरी गोष्ट, डॉक्टर. मी भावाला म्हटले, 'आपण डॉक्टरांकडे जाऊ.' ओळखीच्या एका डॉक्टरांनी ठाण्यातल्या मानसोपचारतज्ज्ञांचे नाव दिले होते. हे ऐकल्याबरोबर तो एकदम म्हणाला, 'म्हणजे मला ठाण्याला नेणार?'

श्रोतेहो, ती लहानपणची थट्टा इतक्या वर्षांनी अशी समोर येऊन उभी राहिली! मी म्हटले, 'हो, ठाण्याला. मी बरोबर येतो. आणि संध्याकाळच्या गाडीने दोघं परत येऊ.' त्याप्रमाणे आम्ही गेलो आणि दिवेलागणीला परत आलो. डॉक्टरांनी तासभर बोलणे ऐकले, गोळ्या दिल्या, आठवड्याने बोलावले. एवढेच.

लक्षात घ्या, अशा माणसाला रुग्णालयात राहावेच लागते असे नाही. धोका फार असेल तर डॉक्टर ठेवून घेतात. पुष्कळांचे उपचार घरी राहूनच होतात. गोळ्यांचा गुण यायला बहुधा दोन ते चार आठवडे लागतात. तेवढ्यात 'उपयोग नाही' म्हणून त्या सोडू नयेत, आणि बरे वाटले म्हणून आपल्या मनाने बंदही करू नयेत. ह्या सुरुवातीच्या आठवड्यांत तर सोबत अधिकच हवी.

आणि ठाण्याविषयीही एक सांगायला हवे. ज्या ठाण्याचे नाव आपण थट्टेत घेतो, त्याच गावात १९९० साली डॉ. आनंद नाडकर्णी ह्यांनी 'इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ' ही संस्था सुरू केली. मनाच्या दुखण्याबद्दल उघडपणे, चारचौघांत, मराठीतून बोलता येते हे तिने लोकांना दाखवून दिले. 'मैत्र' नावाची दूरध्वनीवरची मदतसेवाही तिने चालवली. तेव्हा ठाण्याला जाण्यात लाज वाटण्यासारखे काही नाही. डोळे दाखवायला जातो, तसेच मन दाखवायला जायचे.

खेड्यात तज्ज्ञ कोठून आणायचा, असा प्रश्न तुमच्या मनात आला असेल. जिल्ह्याच्या सरकारी रुग्णालयात मानसिक आजारांवर उपचार मिळतात. प्राथमिक आरोग्य केंद्राचे डॉक्टर आणि आशाताई तुम्हांला वाट दाखवू शकतील. शिवाय केंद्र सरकारने १० ऑक्टोबर २०२२ रोजी 'टेलि-मानस' ही सेवा सुरू केली आहे. तिचा क्रमांक १४४१६. तो कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून भिंतीला लावून ठेवा. पैसे पडत नाहीत, रात्री-अपरात्रीही करता येतो, आणि मराठीत बोलता येते. काळजी वाहणाऱ्या माणसानेही तो करावा. जिवावरचा प्रसंग असेल तर मात्र वाट न पाहता १०८ ला रुग्णवाहिका बोलवावी किंवा ११२ ला फोन करावा.

पुष्कळ घरे पोलिसांच्या भीतीने गप्प बसतात. पूर्वी जीव देण्याचा प्रयत्न हा गुन्हा होता, हे खरे. १९८६ साली मुंबई उच्च न्यायालयाने एका पोलीस शिपायाच्या खटल्यात ते कलम घटनाबाह्य ठरवले होते. पण १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने ते वैध ठरवले. पुढे २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा आला आणि २०१८ च्या मे महिन्यापासून लागू झाला. असा प्रयत्न करणारा माणूस तीव्र मानसिक ताणाखाली होता असे धरून चालावे, त्याला शिक्षा करू नये, आणि त्याला उपचार व आधार देणे हे सरकारचे कर्तव्य आहे, असे हा कायदा सांगतो. १ जुलै २०२४ पासून जी भारतीय न्याय संहिता आली, तिच्यात ते जुने कलम नाही. सरकारी नोकरावर दबाव आणण्यासाठी केलेला प्रयत्न तेवढा वेगळा गुन्हा आहे. म्हणून कायद्याच्या भीतीने दवाखान्यात नेण्याचे टाळू नका.

चौथी गोष्ट आपण नेहमी विसरतो. माणूस दवाखान्यातून घरी आला, थोडा हसला-बोलला, की आपण सुटलो असे समजतो आणि भेटायला जाणारे थांबतात. पण 'दुखणे हत्तीच्या पावलाने येते आणि मुंगीच्या पावलाने जाते.' जागतिक आरोग्य संघटनेने पाच देशांत एक प्रयोग केला. त्यांत आपले चेन्नईही होते. जीव देण्याच्या प्रयत्नातून वाचून रुग्णालयात आलेल्या लोकांपैकी काहींना नेहमीचे उपचार मिळाले. बाकीच्यांशी त्याशिवाय एक तास नीट बोलणे झाले, आणि पुढच्या दीड वर्षात नऊ वेळा फोन करून किंवा भेटून त्यांची विचारपूस केली गेली. त्याचा निष्कर्ष २००८ साली प्रसिद्ध झाला. पहिल्या गटात दीड वर्षात शंभरांत दोनांहून थोडी अधिक माणसे आत्महत्येने गेली. दुसऱ्या गटात हजारांत दोन. नऊ वेळा विचारपूस! ह्याला ना यंत्र लागते, ना फार पैसा. 'कसा आहेस? मी ये-जा करणारच आहे,' एवढेच लागते.

आपल्या खेड्यांतही हे होऊ शकते. अमरावती जिल्ह्यातल्या तीस गावांत 'विश्राम' नावाचा प्रकल्प झाला. त्यात गावपातळीवर काम करणाऱ्या माणसांना शिकवून तयार केले होते. ते घरोघरी जात, उदासपणाबद्दल बोलत, आधार देत आणि गरज पडली तर डॉक्टरांपर्यंत पोचवत. नैराश्य असलेल्यांपैकी पूर्वी शंभरांत चारच जण मदत घेत. ते प्रमाण सत्तावीसवर गेले. आणि वर्षभरात मरणाचे विचार आले असे सांगणाऱ्यांचे प्रमाण सव्वापाच टक्क्यांच्या आसपास होते, ते अडीचवर आले.

शिक्षक बंधुभगिनींना एक विनंती. तुमच्या वर्गात रोज पन्नास-साठ चेहरे असतात. त्यांतला एखादा एकाएकी मिटला, मागच्या बाकावर सरकला, वहीत काही भलतेच लिहू लागला, तर त्याला चारचौघांत विचारू नका. तास संपल्यावर थांबवून घ्या. दहावी-बारावीच्या निकालाच्या दिवशी जे नापास झाले त्यांच्या घरी त्याच संध्याकाळी जाऊन या. पेढे घेऊन येणाऱ्यांना दुसऱ्या दिवशी भेटलात तरी चालते. आणि मुलाने मन मोकळे केले, तर ते गुपित म्हणून पोटात ठेवू नका. मुलाला सांगून त्याच्या घरच्यांना आणि डॉक्टरांना सामील करून घ्या. घरीच जाच असेल, तर घरातले दुसरे विश्वासाचे माणूस शोधा.

शेवटी, सांभाळणाऱ्याबद्दल दोन शब्द. हे काम एकट्याने करू नये. आमच्याकडे आई, भावाची बायको, मी आणि शेजारचे एक गृहस्थ, असे आम्ही पाळ्या लावून घेतल्या होत्या. सांभाळणाऱ्यालाही झोप हवी, त्यालाही कोणाजवळ तरी बोलायला हवे. आणि ज्यांनी सगळे करूनसुद्धा आपले माणूस गमावले, त्यांना मी हात जोडून सांगतो: दोष स्वतःला लावून घेऊ नका. सर्व उपाय करूनही काही आजार जिंकतात; हा त्यांपैकीच एक. अशा घरी जाऊन 'तुम्हांला आधी कळलं नाही का?' असे विचारणाऱ्यांनी मात्र आपली जीभ आवरावी.

माझा भाऊ आज डोंबिवलीतच एका दुकानात हिशेबाचे काम करतो. सगळे सुरळीत झाले असे नाही. कर्ज आहे, अधूनमधून वाईट दिवसही येतात. पण तसा दिवस आला की तो आता फोन करून सांगतो, 'दादा, आज जरा जड जातंय.' मी गाडी पकडतो. मध्ये काय ते एक ठाकुर्ली स्टेशन! ते घड्याळ माझ्या मुलाने त्याला केव्हाच परत नेऊन दिले.

तुमच्याही ओळखीत एखादे माणूस अलीकडे गप्प झाले असेल. हे भाषण ऐकताना त्याचे नाव तुमच्या मनात येऊन गेले असेल, तर उद्यावर टाकू नका. आज संध्याकाळीच त्याच्या घरी जा, आणि विचारा.